बाउचरकॉन

बाउचरकॉन हे रहस्यकथा, गुप्तहेरकथा व गुन्हेगारीविषयक कथासाहित्य यांच्या लेखकांचे आणि वाचकांचे दरवर्षी भरणारे संमेलन आहे. 'जागतिक रहस्यकथा संमेलन' असाही त्याचा उल्लेख केला जातो. अमेरिकन समीक्षक, लेखक व संपादक अँथनी बाउचर यांच्या स्मरणार्थ ते सुरू झाले. पहिले संमेलन इ.स. १९७० मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील सांता मोनिका येथे भरले. त्यानंतर हे संमेलन वेगवेगळ्या शहरांत भरत आले असून या साहित्यप्रकाराच्या संमेलनांमध्ये ते सर्वांत जुन्या व सर्वांत मोठ्या संमेलनांपैकी एक मानले जाते. संमेलनाची नोंदणी लेखक, वाचक, ग्रंथपाल, पुस्तकविक्रेते, समीक्षक, संपादक अशा कोणालाही करता येते. संमेलनात दिले जाणारे अँथनी पुरस्कार नोंदणी केलेल्या सदस्यांच्या मतांवरून ठरतात.

नाव व उच्चार

बाउचर हे आडनाव फ्रेंच वळणाचे दिसत असल्याने ते अनेकदा 'बूशे' असे उच्चारले जाते. स्वतः अँथनी बाउचर यांच्या नावाचा उच्चार मात्र इंग्रजीतील 'व्हाउचर' या शब्दाशी यमक जुळेल असा होता. त्यामुळे संमेलनाचे नाव 'बाउचरकॉन' असे उच्चारले जाते. नावाच्या शेवटचा 'कॉन' हा भाग 'कन्व्हेन्शन' या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. विज्ञानकथाप्रेमींनी आपल्या संमेलनांना अशी नावे देण्याचा प्रघात पाडला होता. त्यांचे जागतिक संमेलन, म्हणजे 'वर्ल्डकॉन', इ.स. १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झाले. बाउचरकॉनने नावाबरोबरच स्वयंसेवकांनी संमेलन चालविण्याची पद्धतही याच परंपरेकडून घेतली.

अँथनी बाउचर

अँथनी बाउचर हे विल्यम अँथनी पार्कर व्हाइट यांचे टोपणनाव होय. त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. इ.स. १९३७ मध्ये त्यांची पहिली रहस्यकादंबरी प्रसिद्ध झाली. काही लेखन त्यांनी 'एच. एच. होम्स' या दुसऱ्या टोपणनावानेही केले. हे नाव एकोणिसाव्या शतकातील एका कुख्यात अमेरिकन खुन्याने धारण केलेले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात त्यांनी डेनिस ग्रीन यांच्यासह शेरलॉक होम्सवरील नभोनाट्ये लिहिली.

कादंबरीकारापेक्षा समीक्षक व संपादक म्हणून बाउचर यांचा प्रभाव अधिक मोठा ठरला. इ.स. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या 'मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेच्या संस्थापकांपैकी ते एक होते. इ.स. १९४९ मध्ये जे. फ्रान्सिस मॅककोमास यांच्यासह त्यांनी विज्ञानकथा व अद्भुतकथा यांना वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्रात इ.स. १९५१ पासून मृत्यूपर्यंत ते रहस्यकथांचे नियमित परीक्षण लिहीत होते. अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांची एक कथा त्यांनी स्पॅनिशमधून इंग्रजीत आणली. इ.स. १९४८ मध्ये 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन' या मासिकात ती प्रसिद्ध झाली. बोर्हेस यांचे इंग्रजीत प्रसिद्ध झालेले हे पहिले कथालेखन मानले जाते. पुढे जागतिक कीर्ती मिळविलेल्या या लेखकाची इंग्रजी वाचकांशी पहिली ओळख एका रहस्यकथा मासिकातून झाली, हे उल्लेखनीय आहे.

रहस्यकथा म्हणजे प्रवासात वेळ घालविण्याचे साधन, असा समज त्या काळी बऱ्याच प्रमाणात रूढ होता. रचना, भाषा, व्यक्तिरेखा आणि सामाजिक आशय या निकषांवर, इतर साहित्याप्रमाणेच रहस्यकथेचीही परीक्षा व्हावी, अशी बाउचर यांची भूमिका होती. २९ एप्रिल १९६८ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

इतिहास

बाउचर यांच्या निधनानंतर लॉस एंजेलिस परिसरातील काही विज्ञानकथाप्रेमींनी त्यांच्या स्मरणार्थ रहस्यकथांचे संमेलन भरविण्याचे ठरविले. ब्रूस पेल्झ तसेच लेन व जून मॉफॅट हे दांपत्य यांचा त्यात पुढाकार होता. मे १९७० मध्ये सांता मोनिका येथे पहिले संमेलन भरले. 'सायको' या कादंबरीचे लेखक रॉबर्ट ब्लॉक हे त्याचे सन्माननीय अतिथी होते.

पहिली तीन संमेलने दक्षिण कॅलिफोर्नियातच झाली. इ.स. १९७३ मध्ये संमेलन बोस्टन येथे गेले आणि तेव्हापासून ते देशाच्या निरनिराळ्या भागांत फिरू लागले. इ.स. १९९० मध्ये लंडन व इ.स. १९९५ मध्ये नॉटिंगहॅम या इंग्लंडमधील शहरांत, तर इ.स. १९९२, २००४ व २०१७ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे संमेलन झाले. आरंभी मोजक्या रसिकांचा मेळावा असलेल्या या उपक्रमाचे पुढे मोठ्या संमेलनात रूपांतर झाले. अलीकडच्या दशकांत साधारणतः दीड ते दोन हजार लोक संमेलनास उपस्थित राहतात.

कोविड-१९ च्या साथीमुळे या परंपरेत खंड पडला. इ.स. २०२० मध्ये सॅक्रामेंटो येथे भरणारे संमेलन आंतरजालावर घ्यावे लागले. इ.स. २०२१ मधील न्यू ऑर्लीन्स येथील संमेलन रद्द झाले आणि त्या वर्षीचे अँथनी पुरस्कार दूरस्थ पद्धतीने जाहीर करण्यात आले. इ.स. २०२२ मध्ये मिनीॲपोलिस येथे प्रत्यक्ष संमेलनास पुन्हा प्रारंभ झाला. त्यानंतर सॅन दिएगो (२०२३) व नॅशव्हिल (२०२४) येथे संमेलने भरली. साथीमुळे हुकलेले यजमानपद न्यू ऑर्लीन्स शहरास इ.स. २०२५ मध्ये मिळाले.

संघटन

बाउचरकॉन हा ना नफा तत्त्वावर चालणारा उपक्रम आहे. संमेलनाची सातत्यविषयक जबाबदारी एका मध्यवर्ती मंडळाकडे असते, तर प्रत्येक वर्षीचे प्रत्यक्ष आयोजन यजमान शहरातील स्थानिक समिती करते. संमेलन भरविण्याची इच्छा असलेली समिती काही वर्षे आधी आपला प्रस्ताव सादर करते. उपाहारगृहे, सभागृहे व निवासाच्या खोल्या एकाच ठिकाणी उपलब्ध असतील असे मोठे हॉटेल सामान्यतः निवडले जाते.

आयोजन करणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. कार्यक्रमाची आखणी, नोंदणी, पाहुण्यांची व्यवस्था, सभागृहांतील वेळेचे नियंत्रण, मतपत्रिकांची मोजणी ही कामे वाचक व लेखक मिळून करतात. संमेलनाच्या निमित्ताने काही वर्षी कथासंग्रहही प्रसिद्ध केला जातो. त्याचे उत्पन्न, तसेच लिलावातून जमणारा निधी, ग्रंथालये किंवा साक्षरताविषयक संस्थांना देण्याची प्रथा आहे. लिलावातील एक लोकप्रिय वस्तू म्हणजे 'पात्राचे नाव' होय. सर्वाधिक बोली लावणाऱ्या वाचकाचे नाव लेखक आपल्या आगामी कादंबरीतील एखाद्या पात्रास देतो. ते पात्र खुनी ठरेल की बळी, हे मात्र लेखकाच्या हाती असते.

प्रत्येक संमेलनासाठी काही सन्माननीय अतिथी निवडले जातात. त्यांत प्रथितयश लेखक, अन्य देशांतील लेखक, जीवनगौरवाचे मानकरी, समारंभाचे सूत्रधार यांचा समावेश असतो. यांखेरीज 'सन्माननीय रसिक' असे एक स्थान असून ते लेखन न करताही या साहित्यप्रकाराची सेवा केलेल्या वाचक, पुस्तकविक्रेते वा नियतकालिकांचे संपादक यांना दिले जाते. लेखकांच्या बरोबरीने वाचकाला व्यासपीठावर स्थान देणारी ही प्रथा बाउचरकॉनचे वैशिष्ट्य समजली जाते.

सहभागाचे स्वरूप

संमेलन सामान्यतः ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात, गुरुवार ते रविवार असे भरते. सन्माननीय अतिथी वगळता, व्यासपीठावर बोलणाऱ्या लेखकांनाही नोंदणी शुल्क, प्रवास व निवास यांचा खर्च स्वतःच करावा लागतो. त्यामुळे नोंदणीच्या रांगेत गाजलेला लेखक व प्रथमच आलेला वाचक एकामागोमाग उभे असल्याचे दृश्य येथे नेहमीचे असते. नोंदणी केलेल्यास गळ्यात अडकविण्याचे नामपट्ट, कार्यक्रमपत्रिका आणि बहुधा प्रकाशकांनी दिलेली काही पुस्तके असलेली पिशवी मिळते.

दिवसभर अनेक सभागृहांत एकाच वेळी परिसंवाद चालू असतात. एका परिसंवादात चार-पाच लेखक व एक सूत्रसंचालक असतो. त्याचा कालावधी तासाभरापेक्षा थोडा कमी असतो आणि अखेरची काही मिनिटे श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी राखलेली असतात. परिसंवादाचे विषय विविध असतात. ऐतिहासिक रहस्यकथेतील संशोधन, पोलीस तपासाचे वास्तव चित्रण, विषप्रयोग, लहान गावात घडणारी कथा, मालिकेतील नायकाचे वाढते वय, अनुवादित साहित्य इत्यादी विषय वारंवार येतात. निवृत्त पोलीस अधिकारी, न्यायवैद्यक तज्ज्ञ किंवा वकीलही काही वेळा वक्ते म्हणून येतात. अशा सत्रांतून कथेतील तपास आणि प्रत्यक्षातील तपास यांमधील अंतर वाचकांच्या लक्षात येते.

परिसंवाद संपताच त्यातील लेखक स्वाक्षरीसाठी ठरलेल्या जागी बसतात. पुस्तकविक्रेत्यांच्या दालनात नव्या पुस्तकांबरोबर जुनी, दुर्मीळ व छपाईबाहेर गेलेली पुस्तकेही मिळतात. प्रथमच पुस्तक प्रसिद्ध झालेल्या लेखकांची ओळख करून देण्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम असतो. दुसऱ्या एका लोकप्रिय कार्यक्रमात वाचक गोलाकार मेजांभोवती बसतात आणि लेखक दोघादोघांच्या जोड्यांनी प्रत्येक मेजाजवळ जाऊन अवघ्या काही मिनिटांत आपल्या पुस्तकाची ओळख करून देतात. घंटा वाजली की जोडी पुढच्या मेजाकडे सरकते.

औपचारिक कार्यक्रमांइतकेच महत्त्व हॉटेलच्या दिवाणखान्यात, उपाहारगृहात व मद्यगृहात रंगणाऱ्या गप्पांना असते. लेखक, संपादक व वाङ्मयीन प्रतिनिधी यांच्या ओळखी तेथे होतात. वाचकांच्या दृष्टीने येथील एक अलिखित संकेत महत्त्वाचा आहे. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासमोर त्याचे रहस्य उघड करणे हा शिष्टाचाराचा भंग समजला जातो. परिसंवादातील वक्तेही आपल्या कथानकाविषयी बोलताना शेवट सांगण्याचे टाळतात.

अँथनी पुरस्कार

अँथनी पुरस्कार इ.स. १९८६ पासून दिले जातात. सर्वोत्कृष्ट कादंबरी, सर्वोत्कृष्ट पहिली कादंबरी, कागदी बांधणीत प्रथम प्रसिद्ध झालेली कादंबरी, लघुकथा आणि समीक्षा वा कथेतर साहित्य हे त्याचे प्रमुख विभाग होत. बाल व कुमार साहित्य, कथासंग्रह असे इतर विभाग वेळोवेळी जोडले गेले आहेत.

पुरस्काराची पद्धत दोन टप्प्यांची आहे. मागील व चालू वर्षीच्या संमेलनासाठी नोंदणी केलेले सदस्य प्रथम पुस्तकांची नावे सुचवितात. सर्वाधिक पसंती मिळालेली पुस्तके नामांकन यादीत येतात. संमेलनास उपस्थित असलेले सदस्य त्यांवर मतदान करतात आणि विजेत्यांची घोषणा समारंभात होते. 'मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका' तर्फे दिले जाणारे एडगर पुरस्कार लेखकांच्या परीक्षक समित्या ठरवितात. त्या तुलनेत अँथनी हा मुख्यतः वाचकांचा कौल समजला जातो. लोकमताच्या पद्धतीत सुपरिचित लेखकांना झुकते माप मिळण्याची शक्यता असते, अशी टीका या पद्धतीवर होते. समर्थकांच्या मते मतदान करणारा वर्ग जाणकार व विपुल वाचन करणारा असल्याने ही उणीव बरीचशी भरून निघते.

सर्वोत्कृष्ट कादंबरीचा पहिला अँथनी पुरस्कार स्यू ग्राफ्टन यांच्या 'बी इज फॉर बर्गलर' या कादंबरीस मिळाला. अलीकडच्या काळात एस. ए. कॉस्बी यांच्या 'ब्लॅकटॉप वेस्टलँड' (२०२१) व 'रेझरब्लेड टिअर्स' (२०२२) या कादंबऱ्यांना हा पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांचे जीवन हा या दोन्ही कादंबऱ्यांचा पाया आहे.

इतर संस्थाही आपले पुरस्कार अनेकदा बाउचरकॉनमध्येच प्रदान करतात. 'मिस्टरी रीडर्स इंटरनॅशनल' या वाचकसंघटनेचे मॅकॅव्हिटी पुरस्कार, 'डेडली प्लेझर्स' या नियतकालिकाचे बॅरी पुरस्कार आणि खासगी गुप्तहेरांच्या कथांसाठीचे शेमस पुरस्कार ही त्याची उदाहरणे होत.

स्त्रीलेखिका व 'सिस्टर्स इन क्राइम'

इ.स. १९८६ मधील बाल्टिमोर येथील संमेलन रहस्यकथेच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स यांच्यासारख्या लेखिकांनी हा साहित्यप्रकार घडविला असूनही, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लेखिकांच्या पुस्तकांना वृत्तपत्रीय परीक्षणांत व पुरस्कारांत फारच कमी स्थान मिळत होते. ज्येष्ठ लेखिका फिलिस व्हिटनी यांनी 'मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका' ला पत्र लिहून या बाबीकडे लक्ष वेधले होते. व्ही. आय. वॉर्शॉस्की या स्त्रीगुप्तहेराची निर्मिती करणाऱ्या सारा पॅरेट्स्की यांनी त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील हंटर महाविद्यालयातील एका परिषदेत रहस्यकथांमधील स्त्रियांवरील हिंसेच्या वाढत्या चित्रणाबद्दल चिंता व्यक्त केली.

बाल्टिमोर येथे बाउचरकॉनच्या वेळी पॅरेट्स्की यांनी उपस्थित लेखिका व इतर स्त्रियांची बैठक बोलावली. त्या चर्चेतून इ.स. १९८७ मध्ये 'सिस्टर्स इन क्राइम' ही संस्था स्थापन झाली. संस्थेचे आरंभीचे एक प्रमुख कार्य मोजणीचे होते. वृत्तपत्रे व नियतकालिके किती पुरुषांच्या आणि किती स्त्रियांच्या पुस्तकांची परीक्षणे छापतात, याच्या नोंदी सदस्यांनी पद्धतशीरपणे ठेवल्या. आकडे हाती आल्यामुळे उपेक्षेची तक्रार ही केवळ व्यक्तिगत नाराजी आहे असे म्हणणे अवघड झाले. आता या संस्थेचे हजारो सदस्य असून पुरुषांनाही सदस्यत्व खुले आहे. ज्या संमेलनात ही बैठक झाली, त्याच संमेलनात सर्वोत्कृष्ट कादंबरीचा पहिला अँथनी पुरस्कार एका लेखिकेस मिळाला होता.

पुढील काळात वांशिक प्रतिनिधित्वाचा प्रश्नही अशाच रीतीने पुढे आला. इ.स. २०१८ मध्ये वॉल्टर मोस्ली, जीजी पांडियन व केली गॅरेट यांनी 'क्राइम रायटर्स ऑफ कलर' हा गट स्थापन केला. त्यानंतर गॅरेट यांच्या 'लाइक अ सिस्टर' या कादंबरीस इ.स. २०२३ मध्ये अँथनी पुरस्कार मिळाला.

भारताशी संबंध

सुजाता मॅसी या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत वाढलेल्या भारतीय-जर्मन वंशाच्या लेखिकेच्या 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८) या कादंबरीचे कथानक इ.स. १९२१ च्या मुंबईत घडते. परवीन मिस्त्री ही पारशी वकील तिची नायिका आहे. एका मुस्लिम गिरणीमालकाच्या पडदानशीन विधवांशी पुरुष वकिलास प्रत्यक्ष बोलता येत नाही. परवीनला मात्र ते शक्य होते आणि कथेतील तपास याच सामाजिक वास्तवावर आधारलेला आहे. या कादंबरीस इ.स. २०१९ मध्ये ऐतिहासिक रहस्यकथेचा मॅकॅव्हिटी पुरस्कार मिळाला. त्या वर्षीचे बाउचरकॉन डॅलस येथे भरले होते.

परवीन मिस्त्री हे पात्र रंगविताना लेखिकेसमोर ज्या ऐतिहासिक स्त्रिया होत्या, त्यांत कॉर्नेलिया सोराबजी यांचा समावेश होतो. सोराबजी यांचा जन्म इ.स. १८६६ मध्ये नाशिक येथे झाला व त्यांचे शिक्षण पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात झाले. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर होत. पुढे त्यांनी पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्ताविषयक हक्कांसाठी कायदेविषयक सल्लागार म्हणून काम केले.

तत्सम संमेलने

बाउचरकॉनच्या धर्तीवर इतरही संमेलने सुरू झाली. 'मॅलिस डोमेस्टिक' हे इ.स. १९८९ पासून वॉशिंग्टन परिसरात भरते. ते अगाथा ख्रिस्तीच्या वळणाच्या, उघड हिंसाचार टाळणाऱ्या पारंपरिक रहस्यकथेस वाहिलेले असून तेथे अगाथा पुरस्कार दिले जातात. 'लेफ्ट कोस्ट क्राइम' हे इ.स. १९९१ पासून मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिम भागात भरते. ब्रिटनमधील ब्रिस्टल शहरात इ.स. २००८ मध्ये 'क्राइमफेस्ट' सुरू झाले आणि इ.स. २०२५ मध्ये त्याचे अखेरचे संमेलन झाले.

या संमेलनांहून 'साहित्य महोत्सव' हा प्रकार वेगळा आहे. इंग्लंडमधील हॅरोगेट येथे इ.स. २००३ पासून भरणारा गुन्हेगारी साहित्य महोत्सव हे त्याचे ठळक उदाहरण होय. तो ज्या हॉटेलमध्ये भरतो, तेथेच डिसेंबर १९२६ मध्ये अकरा दिवस बेपत्ता असलेल्या अगाथा ख्रिस्ती सापडल्या होत्या. महोत्सवात निवडक लेखकांना निमंत्रण देऊन बोलाविले जाते आणि श्रोते तिकीट काढून त्यांना ऐकतात. बाउचरकॉनसारख्या संमेलनात मात्र नोंदणी केलेले सर्व जण सदस्य असतात. लेखक स्वखर्चाने येतो, वाचक काम करतो व मतही देतो.

टीका व आव्हाने

संमेलन मोठ्या हॉटेलमध्ये भरत असल्याने तेथील निवास व प्रवास यांचा खर्च अनेक वाचकांना आणि नवोदित लेखकांना परवडत नाही. लेखकांची संख्या वाढल्याने परिसंवादात प्रत्येकाला स्थान देणे कठीण होते आणि एकाच वेळी चालणाऱ्या सत्रांमुळे श्रोते विभागले जातात. संमेलन 'जागतिक' म्हणविले जात असले तरी उत्तर अमेरिकेबाहेर ते केवळ दोनदा भरले आहे आणि तेथील व्यवहार इंग्रजीतच चालतो, हाही एक आक्षेप आहे. स्वयंसेवकांवर अवलंबून असलेल्या कोणत्याही उपक्रमाप्रमाणे अनुभवी कार्यकर्त्यांचे वाढते वय व नव्या पिढीचा सहभाग हे प्रश्न बाउचरकॉनसमोरही आहेत.

महत्त्व

बाउचर यांच्या हयातीत रहस्यकथेला विद्यापीठीय अभ्यासात व गंभीर समीक्षेत क्वचितच स्थान मिळत असे. पुढे ही स्थिती बदलली. त्या बदलात लेखकांबरोबर संघटित वाचकवर्गाचाही वाटा होता. लेखकाला आपला वाचक प्रत्यक्ष भेटणे, वाचकाला पुस्तकाच्या निवडीत अधिकार मिळणे आणि उपेक्षित लेखकांना आपसांत विचारविनिमय करण्यास जागा मिळणे, या तीन गोष्टी बाउचरकॉनने सातत्याने घडवून आणल्या. एका समीक्षकाच्या स्मरणार्थ सुरू झालेले संमेलन पाच दशकांहून अधिक काळ वाचकांच्या श्रमावर टिकून राहिले, हे साहित्यसंस्थांच्या अभ्यासकांच्या दृष्टीने लक्षणीय उदाहरण आहे.